उलट्या पिळाची चुंबळ

डोळा लागला म्हणावं तर लागलेला नाही, आणि जागं म्हणावं तर कौसल्याबाईंना पंख्याची घरघर नळाच्या घरघरीसारखी ऐकू येतेय. भर दुपार आहे. वर पत्रा तापलाय, खाटेच्या दांडीवर पक्षाचं नवंकोरं उपरणं टाकलंय, आणि ऊन उतरलं की सभेला न्यायला गाडी येणार आहे. बाई या कुशीवरून त्या कुशीवर होतायत. आमदारकीचं तिकीट म्हणजे काय खायची गोष्ट आहे का, झोप येईल कशी?

तिकिटाला अट एकच. स्टेजवर उभं राहायचं आणि चारचौघांत सांगायचं, की चिंचवस्तीची माणसं घरं सोडून लांब माळावरच्या घरकुलांत जायला राजीखुशीनं तयार आहेत. तिकीट देणारे पक्षाचे भाऊसाहेब किती गोड बोलले. म्हणाले, "ताई, वस्ती तुमच्या शब्दाबाहेर आहे का?" नाही, वस्ती शब्दाबाहेर नाही. तिथंच तर सगळं अडलंय. बाईंनी विचारलं तर माणसं नुसती मान डोलावतील, म्हणून तर बाईंनी वस्तीला अजून विचारलेलं नाही.

"सरक की जरा."

पायथ्याशी गजराक्का बसलीय. तीच ती, वस्तीतली गजराक्का म्हेत्रे. हिला जाऊन दोन उन्हाळे झाले. शेवटची आंघोळ कौसल्याबाईंनीच घातली होती, आणि त्या आंघोळीला वस्तीतल्या घराघरातून एकेक तांब्या पाणी आलं होतं. केस अजून ओलेच दिसतायत.

"आक्का, तू गेलीस ना गं?"

"गेले म्हणून काय झालं? पाणी आलंय का बघाया आले."

खाट म्हणावी तर तो नळाचा कट्टा आहे. समोर हंड्यांची रांग लागलीय, पितळी, प्लास्टिकचे, पोचे पडलेले. पूर्वी या नळावर झिंज्या उपटल्या जायच्या. गजराक्कानं एकच रीत घालून दिली आणि भांडणं मिटली. जी रांग सांभाळेल, तिचा हंडा शेवटी. मग कुणाची बोलायची टाप नाही. नवी नवरी असताना कौसल्याबाई हे शिकल्या, आणि याच एका गोष्टीवर माणसं त्यांच्यामागं उभी राहिली. रिकाम्या हंड्यांचा मोर्चा निघाला, मोर्चानं त्यांना नगरसेविका केलं.

"चल, तुझं हापीस दाव," गजराक्का म्हणते, आणि दोघी महापालिकेच्या सभागृहात उभ्या आहेत. बाकांवर माणसांच्या जागी हंडे बसलेत. कुणीतरी माईकवर घसा खाकरतंय, पण तिथं कुणी दिसत नाही. कौसल्याबाईंना आपली खुर्ची सापडत नाही. शोधता शोधता बाकांच्या पायऱ्या होतात, दगडी, रुंद, मुंबईच्या विधानभवनाच्या असाव्यात तशा. रांग त्या पायऱ्या चढत गेलीय. सगळ्यात वर, अगदी नळाच्या तोंडाशी, एक हंडा लखलखतोय.

"त्यो कुणाचा गं, कौसे?"

"माझाच."

"पुढं कुणी ठेवला?"

"भाऊसाहेबांनी."

"आन् तू उचलला न्हाईस?"

कौसल्याबाईंना आता रागच येतो. "किती वर्षं शेवटी उभी राहू, आक्का? माझा नंबर येईतो पाणी जातं, हे तुला ठाऊक नव्हतं होय? आमदार झाले तर धरणापासून नवी लाईन आणीन. रांगच लागायची नाही."

"आण की. कुणासाठी?"

"कुणासाठी म्हणजे? वस्तीसाठी."

"मग मागं बघ."

कौसल्याबाई वळून बघतात. रांग नाही. पायऱ्या नाहीत. वस्तीच्या जागी उघडा माळ आहे, वाऱ्यावर धूळ उडतेय, दार नाही की चूल नाही. नळ मात्र धो धो वाहतोय, हंडा भरून उतू चाललाय आणि पाणी मातीत मुरतंय.

"आता शेवटी उभं ऱ्हायचं म्हटलं तरी कुठं ऱ्हाशील?" गजराक्का साधंच विचारते.

"मग तिकीट सोडू का? सांग ना."

"मला काय इचारतीस? मी मेलेली बाई."

"मग कुणाला विचारू?"

मांडीवर कसलंसं फडकं घेऊन गजराक्का डाव्या हातानं पिळतेय. ती डावखुरी. डोक्यावर हंड्याखाली घ्यायची तिची चुंबळ नेहमी उलट्या पिळाची, दुसऱ्या बाईच्या डोक्यावर ती कधी धड बसायची नाही. बायका तिला त्यावरून चिडवायच्या आणि तीही हसायची. आताही हसतेय ती, थोडीशी. कौसल्याबाई हात पुढं करतात, तर हाताला खाटेची दांडी लागते.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजतोय. दारात भाऊसाहेबांचा माणूस, मल्लिनाथ, घड्याळ बघत उभा आहे.

"ताई, उठा. सभा भरत आली. उपरणं घ्या."

उपरणं दांडीवर नाही. ते उशाशी पडलंय, घट्ट पिळून गोल वळलेलं. कौसल्याबाई ते उचलतात. हाताला ओलसर लागतं. पीळ उलटा आहे. डोळे भरून येतात, ते त्या पदरानं पुसतात आणि कोपऱ्यातला रिकामा हंडा उचलतात.

"अहो, हे काय? निघायचंय आपल्याला."

"नळाची वेळ झालीय, मल्लिनाथ. बायका सगळ्या तिथंच असतील. माझा हंडा शेवटी लावते आणि माळावर जाता का म्हणून विचारून येते."

"आन् नाही म्हणाल्या तर?"

"तर स्टेजवर तेच सांगेन."

मल्लिनाथ फोन काढतो. कौसल्याबाई उपरण्याची चुंबळ डोक्यावर ठेवतात, वर हंडा ठेवतात आणि गाडीला वळसा घालून बोळात शिरतात. चुंबळ डोक्यावर नीट बसलीय.