धनेशाचं पान

शाहूपुरीतला तो रद्दीवाला पुस्तकाला हात लावण्याआधी दोन्ही तळवे सदऱ्याला पुसायचा. त्याच्याकडे मला पक्ष्यांच्या रंगीत चित्रांचं एक दुर्मीळ, जुनं पुस्तक मिळालं. पण ढोलीत कोंडून घेतलेल्या मादीला बाहेरून घास भरवणाऱ्या धनेशाचं पान ब्लेडनं कापलेलं होतं. मी भडकलो, "पुस्तकाची माती केलीत!"

"बायकू हातरुणाला खिळलीया, पावणं. खोलीला खिडकी न्हाय. म्हणून भित्तीला पाखरू लावलंय."

पुस्तक घेऊन मी निघालो.

परवा त्यानंच मला हाक मारली. तळवे पुसून त्यानं ते पान पुढं केलं. मागे चारी कोपऱ्यांना खळ वाळलेली होती.

"घ्या. आता बघणारं कुणी न्हाय. तुमचं पुस्तक तरी पुरं हुईल."