हेमाला मी दिलेली क्षमा

ईशान आणि रूथ, हे तुमच्यासाठी लिहिते आहे, पण तुमच्याआधी इथले बरेच लोक वाचतील. मी ते पुरवणीत छापायला दिलं आहे, कारण चारचौघींसमोर बोललेलं चारचौघींसमोरच परत घ्यावं लागतं. तुम्हाला मराठी वाचताना अडखळायला होतं, म्हणून तुमची आई वाचून दाखवील. तिला आधी विचारलं आहे. ती फोनवर म्हणाली, "लिही मम्मी. फक्त माझं नाव घालू नकोस." ते मी पाळते आहे. लिहायचं आत्ताच, कारण मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि पुढे ढकलण्याची मला किती सवय आहे हे या वर्षी मला नीट कळलं.

हेमा आजी गेली तेव्हा मी सकाळचा चहा घेत होते. मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, ग्रुपवर मेसेज आला, "आपल्या हेमाताई पहाटे प्रभूत निजल्या." खाली हात जोडल्याची चित्रं येत राहिली. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग कप धुतला, बिछाना आवरला, पांढरी साडी काढून इस्त्री केली... हे सगळं क्रमाने केलं, आणि साडीच्या निऱ्या करताना लक्षात आलं की आता तिला सांगायचं राहिलं.

कल्याणच्या कब्रस्तानात बायकांनी मला पुढे केलं. "ताई, तुम्ही बोला दोन शब्द, तुमचं तिच्यावर किती प्रेम." मी बोललेही. हेमाची सेवा, हेमाचं गाणं, हेमाचा हसरा स्वभाव. शेवटची प्रार्थना करणाऱ्या बाई म्हणाल्या, "प्रभो, ताईंनी हेमाताईंना मोठ्या मनाने क्षमा केली, त्या उदाहरणाबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो." सगळ्यांनी आमेन म्हटलं. मीही म्हटलं.

त्या आमेनमुळे हे लिहावं लागतं आहे.

हेमा मला भेटली ती मंडळीच्या महिला मंडळात. ती नगर जिल्ह्यातून लग्न होऊन आंबिवलीला आलेली, सातवी शिकलेली, कोलशेतच्या एका कंपनीत पॅकिंगला जायची. मी इंग्रजी शाळेत शिकवणारी, हातात नेहमी वही आणि टोक केलेली पेन्सिल. बुधवारच्या सभेत बायबलचा वर्ग मी घ्यायचे. एकेक वचन घ्यायचं, त्याचा संदर्भ सांगायचा, इंग्रजी भाष्यांत काय म्हटलं आहे ते सांगायचं, आणि शेवटी तीन मुद्दे लिहून द्यायचे. बाकीच्या बायका मुद्दे उतरवून घेत. हेमा प्रश्न विचारायची. वाचताना ती जोडाक्षराला अडखळली की मी दुरुस्त करायचे, आणि ती हसून म्हणायची, "ताई, देवाला माझं अडखळलेलं कळतं, तुम्हीच ऐकून घ्या." अशी ती माझी मैत्रीण झाली. मला फारशा मैत्रिणी नव्हत्या. लोक मला मान द्यायचे, हेमा माझ्या स्वयंपाकघरात येऊन कोथिंबीर निवडत बसायची.

तुमची आई कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती तेव्हा आजारी पडली. अंगाने नाही, मनाने. दिवसेंदिवस खोलीतून बाहेर यायची नाही. घोडबंदर रोडच्या एका डॉक्टरांचं औषध सुरू होतं आणि आम्ही ते सगळ्यांपासून लपवलं होतं. आता यात लपवण्यासारखं काही नाही असं तुम्ही म्हणाल, आणि तुमचं बरोबर आहे. पण तेव्हा मला वाटायचं, हे मंडळीत कळलं तर मुलीचं लग्न कसं होणार. एका सोमवारी मला राहवलं नाही आणि मी ते हेमाला सांगितलं. ती माझा हात धरून बसली. म्हणाली, "कुणाला बोलणार नाही ताई. फक्त देवाला बोलेन."

आमच्या मंडळीत दाराजवळ एक लाकडी पेटी असते. कुणाला प्रार्थना हवी असेल तर त्याने नाव न घालता चिठ्ठी टाकायची, आणि बुधवारी पाळकबाई, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या पत्नी, त्या विषयांसाठी प्रार्थना करणार. त्या बुधवारी पाळकबाई डोळे मिटून म्हणाल्या, "कल्याणच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला असलेल्या आमच्या एका मुलीच्या मनाच्या आजारासाठी..." आमच्या मंडळीत तशी मुलगी एकच होती. प्रार्थनेत डोळे मिटायचे असतात, पण मी उघडले, आणि पाहिलं तर निम्म्या बायकांचे उघडे होते.

सभेनंतर मागच्या खोलीत हेमा सगळ्यांना चहा देत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "सोमवारी सांगितलं, बुधवारपर्यंतसुद्धा पोटात राहिलं नाही तुझ्या?"

तिला आधी कळलंच नाही. मग ट्रे खाली ठेवून म्हणाली, "ताई, मी नाही सांगितलं."

"मग काय देवदूत आला होता पाळकबाईंकडे?"

कुणीतरी हसलं. मला ते हसणं आवडलं, हेही लिहून ठेवते. मी पुढे म्हणाले, "बायांनो, हिला काही सांगताना विचार करा. हिच्या तोंडाला दार नाही." हेमाने ट्रे पुन्हा उचलला. तिने उरलेले कप वाटले.

पाळकबाईंना मी एक प्रश्न विचारायला हवा होता, हे तुम्हाला कुणाकडून कळलं. तो मी विचारला नाही. मला उत्तर माहीत आहे याची इतकी खात्री होती. मे महिन्यात पाळकांची बदली झाली आणि ते कुटुंब विदर्भात गेलं. हेमाला मात्र त्यानंतर बायका प्रार्थनेचे विषय सांगेनाशा झाल्या. ती आली की बोलणं भाजीकडे वळायचं.

आमच्याकडे प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेण्याचा विधी, वर्षातून चारदा असतं. त्याच्या आदल्या शनिवारी तयारीची सभा होते, आणि ज्यांचं आपसात बिनसलं असेल त्यांनी त्या संध्याकाळी एकमेकांकडे जाऊन बोलायचं अशी जुनी रीत आहे. तिला आधार येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाचा. तू अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि तिथे तुला आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, अशा अर्थाचा तो भाग आहे. त्यानंतरच्या प्रभुभोजनाच्या आठवड्यात वर्गात मी तो शिकवत होते. ज्याचं चुकलं त्याने आधी जायचं, असा माझा पहिला मुद्दा. हेमा मागच्या बाकावरून म्हणाली, "ताई, चूक कोणाची ते यात लिहिलेलं नाही. त्याच्या मनात आहे, एवढंच लिहिलंय."

मी म्हटलं, "ते गृहीत आहे, हेमा. भाष्य बघ."

"मला इंग्रजी येत नाही. पण आठवलं त्याने जायचं, असं दिसतंय मला."

मी तिला पुढचं वचन वाचायला सांगितलं.

त्या शनिवारी ती आंबिवलीहून डोंबिवलीला माझ्या दाराशी आली. आत ये म्हटलं तरी आली नाही. म्हणाली, "ताई, तुमच्या मनात माझ्याविरुद्ध काही आहे का?" मी म्हटलं, "ते तुलाच ठाऊक." तिने मान हलवली. "मग उद्या मी मेजापाशी जात नाही." रविवारी भाकर आणि प्याला घ्यायला सगळे उठले तेव्हा ती एकटी बाकावर बसून राहिली. मी पुढे जाऊन घेतलं. बायका कुजबुजल्या की हिला मन खातंय, आणि मलाही तसंच वाटलं. तीन महिन्यांनी ती पुन्हा आली. पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर, तेच बाकावर बसणं. हे अकरा वर्षं चाललं. तिने कधी चूक कबूल केली नाही, कारण तिने ती केली नव्हती. आणि मी तिच्या कबुलीची वाट पाहत शिकवत राहिले. पश्चात्ताप म्हणजे मन वळणं, हा माझा आवडता विषय होता. त्यावर माझ्या दोन वह्या भरल्या आहेत.

तुमचे आजोबा तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या आजारपणात एका दुपारी मी त्यांचे पाय चेपत होते. ते म्हणाले, "ती चिठ्ठी मी टाकली होती." मी विचारलं, कसली चिठ्ठी. "पोरीसाठी. नाव नव्हतं घातलं. नाव नसलं की कळणार नाही असं वाटलं मला." मग थोड्या वेळाने, "तू हेमाला बोललीस ते मला घरी आल्यावर कळलं. तुझा राग बघून भ्यालो गं. मग एक आठवडा गेला, मग एक महिना..."

आजोबांवर रागावू नका. ते साधे होते, मुलीसाठी त्यांनी देवाकडे मागितलं. मीही त्यांच्यावर रागावले नाही, कारण त्यांना मी भ्यायला लावलं होतं.

आता नीट ऐका, कारण माझं खरं पाप इथून पुढचं आहे. आधीची अकरा वर्षं मी चुकीचं समजत होते. त्यानंतर मला खरं ठाऊक होतं. आजोबांना पुरल्यावर पुढच्याच तयारीच्या शनिवारी हेमा आली. मी दार उघडलं. मनात वाक्य तयार होतं, दोनदा घोकलं होतं. तिने विचारलं, "ताई, तुमच्या मनात काही आहे का?" आणि मी म्हणाले, "नाही गं. जुनं सगळं सोड आता. मी तुला माफ केलंय."

असं कसं तोंडातून निघालं, याची कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली आहेत. खरं सांगितलं तर तुमच्या आजोबांचं नाव येईल, ते मंडळीच्या कमिटीवर होते, गेलेल्या माणसाला मध्ये कशाला आणायचं... ही सगळी नंतर सुचलेली. त्या क्षणी मला फक्त दारात तिच्यासमोर लहान व्हायचं नव्हतं.

हेमाने माझ्याकडे पाहिलं. "कशाबद्दल, ताई?"

मी तिच्या गुडघेदुखीची चौकशी केली.

दुसऱ्या दिवशी ती अकरा वर्षांनी मेजापाशी आली, कारण माझ्या मनात काही नाही असं मी सांगितलं होतं. बायकांचे डोळे भरून आले. एकीने मला मिठी मारली, "ताई, केवढं मन तुमचं!" तीन वर्षं मी ते कौतुक अंगावर घेऊन फिरले. निरपराध माणसाला मी क्षमा दिली आणि त्याबद्दल माझं नाव झालं. दर तयारीच्या शनिवारी ठरवायचे, या वेळी सांगू. ती यायची, विचारायची, मी "नाही गं" म्हणायचे. आता ते खरंच होतं, माझ्या मनात तिच्याविरुद्ध काही नव्हतं. तिच्या मनात माझ्याविरुद्ध काही आहे का, हे मी तिला एकदाही विचारलं नाही. शास्त्रात तर नेमकं तेच विचारायला सांगितलं आहे.

ती गेल्यावर मी पाळकांकडे गेले. तरुण आहेत, भले आहेत. म्हणाले, "ताई, तुम्ही देवापुढे कबूल केलंत, त्याने क्षमा केली. विश्वास ठेवा." मी ठेवते. पण त्या भागात देव वेदीपाशी थांबायला तयार आहे, माणूस आधी. माणूसच उरला नाही तर कुणाकडे जायचं, याचं उत्तर मी घरातल्या सगळ्या भाष्यांत शोधलं. शेवटी पुस्तकं मिटली आणि आंबिवलीला हेमाच्या मुलीकडे, प्रीतीकडे गेले.

प्रीतीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मावशी, आई म्हणायची, ताई एक दिवस येतील. मी विचारायची, कशाला येतील? तर सांगायची नाही. म्हणायची, त्यांचं त्या सांगतील." तिने ओढणीने नाक पुसलं. "माझ्या लग्नात मंडळीतल्या बायका आईशी दोन शब्द बोलल्या नाहीत. ती पंगतीत वाढत फिरत होती. तुम्ही पुढच्या खुर्चीत होता."

मी म्हटलं, "प्रीती, मला क्षमा कर."

"आईच्या वाट्याची क्षमा मी कशी करू? ती तिची होती." मग म्हणाली, "माझा राग माझा आहे. तो आत्ता तरी जात नाही, मावशी. खोटं कशाला बोलू?"

पुढच्या बुधवारी मी वर्ग घेतला नाही. उभी राहून हे सगळं सांगितलं, चिठ्ठीसकट. कुणी मिठी मारली नाही. मागच्या बाकावरची एक म्हातारी बाई मोठ्याने म्हणाली, "अगं बाई, आणि आम्ही हिच्याकडून क्षमा शिकलो!" त्यावर कुणी हसलं नाही, पण ते बरोबर होतं. मग घरी येऊन त्या दिवशी चहाच्या खोलीत असलेल्या बायकांची यादी केली. ज्यांचे फोन लागले त्यांना सांगितलं. चौघी आता या जगात नाहीत. त्यांना मी सांगितलेली हेमाच ठाऊक होती.

गेल्या शनिवारी तयारीची सभा झाली. सभा संपल्यावर मी आंबिवलीला गेले आणि प्रीतीच्या दारात उभी राहून विचारलं, "तुझ्या मनात माझ्याविरुद्ध काही आहे का?" ती म्हणाली, "आहे." मला आत बसवलं, चहा दिला. आम्ही हेमाबद्दल बोललो, तिच्या गाण्याबद्दल, ती मोगऱ्याला चहाची पावडर घालायची त्याबद्दल. रविवारी सगळे मेजापाशी गेले आणि मी बाकावर बसून राहिले. तीन महिन्यांनी पुन्हा जाईन.

प्रीतीचा राग अजून आहे.