सिनेमातल्या नळाचं गाव

ऑपरेशननंतरचे दोन महिने मी पलंगावर काढले आणि तेवढ्या काळात एकच सिनेमा अकरा वेळा पाहिला. शहरातली एक नर्स डोंगरातल्या पाड्यावर बदली होऊन येते. सुरुवातीला कुणी तिच्याशी धड बोलत नाही. मग ती म्हाताऱ्यांची मनं जिंकते, भांडणं मिटवते आणि शेवटी गावातल्या नळाला पहिल्यांदा पाणी येतं. सगळं गाव भिजतं, हसतं. त्या दृश्याला मी दर वेळी रडायचे आणि मग मला बरं वाटायचं. शूटिंग आपल्याच जिल्ह्यात, सुरगाण्याकडे झालंय असं कळलं तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, "डॉक्टरांनी हिंडायची परवानगी दिली की आधी तिथे."

"तिथे काय बघणार?" सुधीर म्हणाला.

"ते गाव."

एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी सहाला नाशिकहून निघालो. दिंडोरीमार्गे वणीपर्यंत रस्ता छान आहे. वणीत मिसळ खाल्ली, गाडीची टाकी फुल केली. तुम्हीही करा, पुढे पंप विरळ आहेत. बोरगावनंतर वळणं वाढतात आणि झाडं कमी होतात. मोहाच्या झाडांखाली फुलं वेचणाऱ्या बायका सोडल्या तर शेवटच्या तासाभरात माणूस दिसला नाही. डोंगर भाजलेले, रान राखाडी. सिनेमात सगळं हिरवं होतं. मी खिडकीची काच वर केली, सुधीर मुद्दाम बोलत राहिला.

गावाचं नाव लिहीत नाही. फोटो काढायला येणारे आधीच पुरेसे आहेत.

नळ लगेच सापडला. समाजमंदिरासमोर, निळ्या रंगाच्या भिंतीत. रंगाचे पोपडे निघालेत. मी तोटी फिरवली. काहीच नाही, साधी फुसफुससुद्धा नाही.

"त्याला येत नाय पानी," मागून एक बाई म्हणाली. डोक्यावर दोन हंडे, वय तिशीचं. तिचं नाव पार्वती.

"कधीपासून?"

"कधीच नव्हतं. भिंतीमागं टँकर उभा केला होता, त्याला पाइप लावला. तीन दिस पानी होतं. टँकर गेला, नळ ऱ्हायला."

भिंतीमागे जाऊन पाहिलं. पाइपासाठी पाडलेलं भोक होतं, त्यात कुणीतरी चिंध्या कोंबल्या होत्या.

जेवायची सोय पार्वतीकडेच झाली. गावात पोचताच सांगितलंत तर ती दीडशे रुपयांत पोटभर जेवू घालते: नागलीची भाकरी, उडदाची आमटी, खुरासणीची म्हणजे कारळ्याची चटणी. पिण्याचं पाणी मात्र घरून न्याच. तिचं पाणी डोंगराखालच्या झऱ्यातून येतं, जायला-यायला तास लागतो आणि उन्हाळ्यात वाटीनं उपसून हंडा भरावा लागतो. हे मला कळलं तेव्हा मी दुसरा तांब्या संपवला होता. गाडीतला पाच लिटरचा कॅन सुधीरनं निमूटपणे आणून तिच्या ओट्यावर ठेवला.

"तू होतीस का सिनेमात?" मी विचारलं.

"सगळेच होतो. नळापाशी हसायचं होतं. सात वेळा हसवलं."

"मग पाहिलास का?"

"कुठं? इथं रेंज नाय. दाखवतो म्हनले होते, आलेच नाय."

माझ्या फोनमध्ये तो उतरवलेला होता. मी सरळ शेवटचं दृश्य लावलं आणि तिच्या हातात दिलं. मला वाटलं, तिला मजा वाटेल. तिची सासू कोपऱ्यात मोहाची फुलं निवडत होती.

"थांब," पार्वती म्हणाली. "ताई, मागं घे."

मी मागे घेतलं. नर्सच्या डावीकडे चौकड्याच्या शर्टातला एक माणूस भरलेला हंडा स्वतःच्या डोक्यावर उपडा करत होता. तोंड उघडं, डोळे मिटलेले.

"हे आमचे," ती म्हणाली.

शूटिंगनंतरच्या वर्षी तो दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला गेला होता. परत येताना घाटात पिकअप उलटली. तिच्याकडे त्याचा आधार कार्डावरचा फोटो आहे, तेवढाच.

तिने ते दृश्य चार वेळा पाहिलं. रडली नाही. "असे हसायचे नाय ते कधी," एवढंच म्हणाली. "पानी लय गार होतं, म्हनून."

सासूनं एकदाही वळून पाहिलं नाही.

निघताना मी तिला त्या दृश्यातून त्याचा फोटो काढून पाठवायचं कबूल केलं. परतीच्या वाटेवर कुठे थांबलो नाही. वणीला चहासुद्धा घेतला नाही.

नाशकात द्वारका चौकाजवळच्या स्टुडिओवाल्यानं ते दृश्य पाहून मान हलवली. "मोठा केला तर चेहराच राहणार नाही, मॅडम." मग पोस्टकार्डाएवढा काढला. पार्वतीच्या गावच्या आशाताई, तिथलं आरोग्याचं काम बघणाऱ्या, प्रशिक्षणाला नाशकात येणार होत्या, त्यांच्या हाती दिला.

ओळखीचे विचारतात, जाण्यासारखं आहे का? रस्ता बरा आहे, जेवण चांगलं आहे. याहून पुढे मला सांगता येत नाही. मी तिथे माझ्या आनंदाचं गाव बघायला गेले होते आणि जेवणाच्या ताटासमोर एका बाईला तिचा गेलेला नवरा दाखवून आले.

फोटो दिल्यावर पंधरा दिवसांनी, रेंज मिळते त्या टेकडीवरून, आशाताईंच्या फोनवरून पार्वतीचा फोन आला.

"मिळाला फोटो."

"भिंतीवर लावलास?"

"सासू लावू देत नाय. गेलेल्या मानसाचा हसता फोटो लावू नये म्हनते. नागलीच्या कणगीत ठेवलाय. दाने काढायला गेली का बघते."

मग ती म्हणाली, "ताई, एक विचारू? त्यात त्यांचा आवाज हाय का? हसायचा? त्या दिशी मला गानंच ऐकू आलं."

"बघून सांगते," मी म्हटलं.

कानाला हेडफोन लावून, आवाज पूर्ण वाढवून मी ते दृश्य कितीदा तरी ऐकलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत गाणंच आहे. माणसांचे आवाज काढून टाकलेत. पाण्याचासुद्धा.

तिला अजून फोन केलेला नाही.