पास म्हटल्यावर
पेढ्यांचा वास आला की मला बालाघाटच्या क्लबातलं डॉमिनोचं टेबल आठवतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा माझा निकाल लागायचा होता. त्या संध्याकाळी घरमालक काकांच्या डावात चौथं कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी मला बसवलं. जुळत्या ठिपक्यांचा ठोकळा हाती नव्हता, तेव्हा मी रीतीप्रमाणे हळूच म्हणाले, “पास.” नेमके राजेगावहून मला भेटायला आलेले बाबा दारात उभे. “पास झाली? हौ?” म्हणत ते तसेच वळले आणि पेढे घेऊन आले. मला खरं सांगवेना. काका पेढा खात पुटपुटले, “आता तुले पास व्हावंच लागते, पोरी.” निकाल लागला आणि मी खरंच पास झाले. ते कळवलं तेव्हा बाबा म्हणाले, “एकाच पासचे पेढे दोनदा काहून?” आजही ठोकळा नसला की मी आधी दाराकडे बघते.