लायनीत उभा केलेला कापूस

“सरासरी मागून. आदी लायनीत उभे राहा.” आमचे आकडेवाले साहेब हे मजुरांना म्हणत, बैलांना म्हणत, एकदा तर चहाच्या कपांनाही म्हणाले.

मी तेव्हा नुकताच बी.एस्सी. झालो होतो. आमच्या घरी दोन वेळा चूल पेटेलच असे नसे, अशात शिकलो. गावातला पहिला पदवीधर मी. हे मी कोणी न विचारता सांगत असे, आजही सांगतो. दारव्ह्याजवळच्या सरकारी शेतावर साहेबांच्या हाताखाली लागलो.

कोणत्याही दोन गोष्टी दिसल्या की साहेबांना तुलना सुचे. बाजारात भज्यांची दुकाने दोन. साहेबांनी चिठ्ठ्या टाकून आमचे दोन गट पाडले. “याच्याकडची खाल्ली त्यानं त्याच्याकडं फिरकाचं नाही. गट अलग म्हणजे अलग.” माझ्या वाट्याला करपलेली भजी आली. बदलून मागितली, तर म्हणाले, “पदवीधर आहेस ना बे?”

त्या साली शेताच्या काही तुकड्यांत नव्या बियाण्याची कपाशी होती, काहींत जुन्या. बाबांचा निरोप आला होता, “तू शिकेल आहेस. तू सांगशील तेच बी टाकतो.” आमचे वावर एकच. सांगण्यात चूक झाली तर सगळे साल गेले.

कापूस मोजून झाला आणि यवतमाळचे मोठे अधिकारी आले. सरासरी काढून म्हणाले, “नवे जिंकले. तालुकाभर वाटा.”

“सायेब,” आमचे साहेब म्हणाले, “सरासरीची परीक्षा कवा चालते? आकडे मधात गोळा अन् दोन्हीकडं उतरते असले तर. इथं नव्याचा एकच तुकडा साऱ्याइच्या डोक्यावर बसून राह्यला.”

त्या तुकड्यात पेरणीआधी तांड्यावरची गुरे मुक्कामाला बसवली होती. शेण-मूत मुरले आणि कपाशी माणसाएवढी झाली.

“मग तो तुकडा वगळा.”

“काहून वगळाचा? आपलाच आहे. लायनीत उभा करू.”

प्रत्येक तुकड्याच्या कापसाचे गाठोडे एकेका मजुराच्या डोक्यावर दिले. नव्याला लाल फडके, जुन्याला पांढरे. हलक्यापासून जडापर्यंत ओळ लागली. एक डोके कमी पडले, आणि उरलेले गाठोडे सगळ्यांत जड. सगळे अधिकाऱ्यांकडे पाहू लागले.

“हॅट काढा, सायेब,” साहेब नम्रपणे म्हणाले.

अधिकारी गाठोडे घेऊन ओळीच्या टोकाला उभे राहिले. लाल फडके नाकावर लोंबत होते.

“माझा नंबर?”

“शेवटला.”

“एवढं ओझं, आणि नंबर एकच?”

“एकच. ओझं कितीबी असो.”

ओळीत लाल-पांढरे पार मिसळले होते. साहेबांनी लालांच्या नंबरांची बेरीज केली, पांढऱ्यांची केली, पुस्तकातल्या कोष्टकाशी ताडून पाहिली. “फरक आहे असं म्हणता येत नाही. आनखी एक साल पाहू.”

“मान्य,” गाठोड्याखालून आवाज आला. “आता उतरवा.”

मी घरी जाऊन सांगितले. बाबा म्हणाले, “म्हणजे कोणतं चांगलं ते तुले मालूम नाही?”

“नाही.”

“अन् साहेबाले?”

“त्यांनाही नाही.”

बाबा बराच वेळ हसले. “शिकून दोघंबी खरं बोलता. मंग घरचंच बी टाकतो.”

बोंडे फुटली तोवर साहेबांची बदली झाली होती. त्यांना कापसाने भरलेले आमचे वावर दाखवायचे राहूनच गेले. त्या वेचणीनंतर बाबांनी माझ्या धाकट्या बहिणीचे नाव शाळेत घातले.