मुळांवर गाठी आल्या नाहीत

एमएस्सी झाल्यावर मी वर्ध्याच्या एका कॉलेजात सरांच्या हाताखाली काम करू लागले. नव्वदचं दशक सरत आलं होतं. सर आष्टीकडच्या शेतकरी घरातले, निवृत्तीजवळ आलेले. सोयाबीनच्या बियाण्याला चोळायचं जिवाणू खत आम्ही बनवायचो. हे जिवाणू मुळांवर गाठी धरतात आणि हवेतला नत्र झाडाला पुरवतात. पण एखाद्या सकाळी, वाढलेल्या जिवाणूंनी गढूळ असायला हवं ते द्रावण नितळ पाण्यासारखं दिसायचं. जिवाणूंना मारणारा विषाणू त्यात शिरलेला असायचा. सगळं ओतून द्यावं लागायचं.

विषाणू जिवाणूच्या ज्या आवरणाला चिकटतो, ते बनवणारं जनुकच मोडायचं, असं सरांनी ठरवलं. हवं तिथे जनुक कापायची सोय तेव्हा नव्हती. मोडकं जनुक विजेच्या झटक्याने आत घालायचं आणि जिवाणू आपल्या चांगल्या जनुकाच्या जागी ते घेईल, याची वाट बघायची. क्वचितच एखादा घ्यायचा. त्यात तीन वर्षं गेली. शेवटी एक जिवाणू मिळाला. विषाणू टाकला तरी द्रावण गढूळच राहिलं. सरांनी त्या दिवशी सगळ्यांना समोसे खाऊ घातले.

मग कुंड्यांत सोयाबीन लावलं. महिन्याभराने सरांनी स्वतः रोपं उपटली आणि बादलीत मुळं धुतली. मुळं पांढरी, स्वच्छ. एकही गाठ नव्हती.

"काऊन नाई आल्या?" ते मुळांकडे बघतच म्हणाले.

मी उरलेल्या रोपांची मुळं पुन्हा एकदा उलटून पाहिली.

"त्या आवरणावरूनच मूळ त्याले ओळखत असंन," तेच बोलले. "आपण तेच काढून टाकलं."

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. तो जिवाणू आम्ही छोट्या ट्यूबांत भरून फ्रीजरमध्ये गोठवून ठेवला होता. जाताना म्हणाले, "फ्रीजरमधल्या ट्यूबा सांभाळजो. कोणी ना कोणी पुढं काम करंन."

दोन उन्हाळे मी त्या सांभाळल्या. तिसऱ्या उन्हाळ्यात लोडशेडिंग वाढलं, जनरेटर बिघडला. तो दुरुस्त करून द्या म्हणून मी कॉलेजच्या ऑफिसात तीन अर्ज दिले. सुट्टीनंतर फ्रीजर उघडला तर खाली पाणी साचलेलं. जिवाणू जिवंत आहेत का ते बघायला प्रत्येक ट्यूबमधलं थोडं थोडं वाढीच्या प्लेटवर लावून पाहिलं. काहीच उगवलं नाही. ट्यूबा वाफेवर निर्जंतुक करून मी टाकून दिल्या.

त्याच पावसाळ्यात सरांना लकवा झाला. आष्टीहून त्यांच्या मुलीने फोन लावून दिला. बोलणं अडखळत होतं.

"ट्यूबा हायेत ना?"

"आहेत, सर."

"बरं झालं."

दिवाळीआधीच ते गेले. मी आष्टीला भेटायला गेले, त्यांच्या मुलीजवळ बराच वेळ बसले. ट्यूबांचं मात्र तिला सांगितलं नाही.