गटाराचा फोटो

आई गेली आणि दीड महिन्यात मी बाबांना सिंगापूरला घेऊन आले. विचारलं नाही, सांगितलं. मी मुळातच तशी, घाईची आणि तोंडाळ. "पुण्यात एकटे बसून काय भिंतींशी बोलणार?" असं म्हटलं होतं. मग बुकित बातोकच्या आमच्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ते माझ्या भिंतींशी बोलायला लागले.

बाबांची सगळी नोकरी दारूगोळ्याच्या कारखान्यात गेली, सुरक्षा विभागात. तिथे कोठारात शिरण्याआधी दाराजवळच्या तांब्याच्या पट्टीवर तळहात टेकायचा, अंगातली वीज जमिनीत जाऊ द्यायची आणि मगच पाऊल आत. ती सवय इतकी भिनली होती की आमच्या फ्लॅटच्या लोखंडी गेटलाही ते हात टेकायचे. माझी लेक तिच्या सिंगापुरी इंग्रजीत खिदळायची, "आजोबा, हिअर नो बॉम्ब लाह!" तेही हसायचे. पण हात टेकायचेच.

मी आणि नवरा ऑफिसला, लेक शाळेत. बाबा खाली व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीच्या तळाच्या मोकळ्या जागेत बसून चिनी म्हाताऱ्यांचा पटावरचा खेळ बघायचे. बोलणार काय आणि कुणाशी? जेवण कमी झालं. एकदा मी भांडी घासत असताना मागे येऊन म्हणाले, "अगं, माझा आता उपयोग काय?"

मी इंटरनेट पालथं घातलं. संरक्षण खात्यात, रसायनांच्या सुरक्षेत आयुष्य घालवलेल्या माणसांसाठी घरबसल्या कामं असतात, हे मला तोवर ठाऊकही नव्हतं. एका परदेशी कंपनीला असा माणूस हवा होता. गोदामांचे नकाशे आणि फोटो येणार, बाबांनी ते तपासायचे, शंका विचारायच्या आणि समाधान झालं की 'मंजूर'चं बटण दाबायचं. व्हिडिओवरच्या मुलाखतीला ते इस्त्रीचा शर्ट, मोजे, बूट घालून आमच्या डायनिंग टेबलापाशी बसले. "अहो बाबा, बूट कोण बघतंय?"

"मी बघतोय ना," म्हणाले.

काम मिळालं आणि माणूस बदलला हो! सकाळी आंघोळ, देवपूजा, मग गेटपर्यंत जाऊन हात टेकायचा आणि येऊन लॅपटॉप उघडायचा. टाइप दोन बोटांनी. पण जेवताना आमटी पुन्हा मागायला लागले आणि कुठल्या गोदामाचं दार चुकीच्या बाजूला उघडतं, ते आम्हाला ऐकवायला लागले. त्यांचा नियम एकच होता. जे पाहिलं नाही, त्यावर सही नाही. "सबंध नोकरीत एक सही मागे घ्यावी लागली नाही मला," हे तर दर दोन दिवसांनी ऐकायचं.

मग ती एक फाइल आली. शेजारीशेजारी दोन खोल्या, एकमेकांत मिसळली तर भडका उडेल अशी दोन रसायनं. बाबांनी विचारलं, दोन्ही खोल्यांचं सांडपाणी एकाच गटारात जातं का? फोटो पाठवा. फोटो येईना. त्यातच ते तापाने आडवे झाले. शुक्रवारी कंपनीची मेल आली की आज संध्याकाळपर्यंत फाइल संपवा, नाहीतर काम दुसऱ्याला देऊ.

मी आंग मो किओच्या ऑफिसात सॉफ्टवेअरच्या तक्रारी निपटणारी बाई. आमच्याकडे मुदत संपायच्या आत तक्रार 'बंद' दाखवायची, उरलंसुरलं सोमवारी बघायचं. कधी कुणाचं काही बिघडलं नाही. बाबांचा पासवर्ड मीच करून दिला होता. ते आत कण्हत होते आणि मी बाहेर बसून 'मंजूर' दाबलं. त्यांचं काम वाचवलं म्हणून स्वतःवर खूशही झाले.

ताप उतरल्यावर पहिला प्रश्न तोच. "गटाराचा फोटो आला का गं?"

"आला ना. ठीक होतं सगळं."

त्यांनी फाइल उघडली. मी किचनमधून बघत होते. फोटो नव्हता आणि खाली त्यांच्या नावाने मंजुरी होती. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. दुपारभर दोन बोटांनी टकटक ऐकू येत राहिलं. संध्याकाळी म्हणाले, "डोळे दुखतात. मी काम सोडलं."

आणि मी, मी काय केलं? त्यांच्यावरच चिडले. "किती खटपटीने मिळवलं होतं! तुमचा हट्टच नडतो प्रत्येक वेळी!" ते मान खाली घालून ऐकत राहिले.

त्यानंतर ते पुन्हा व्हॉइड डेकवर बसायला लागले. आमटी पुन्हा मागितली नाही. पुढच्या वर्षी पुण्याला जायचा हट्ट धरला, गेले, आणि तिथेच गेले.

सगळं आवरल्यावर त्यांचं ईमेलचं खातं बंद करायला मी जुना लॅपटॉप उघडला. त्या दुपारचं पत्र सापडलं. मोडक्या इंग्रजीत, सगळी अक्षरं मोठी. गटार न पाहता मी मंजुरी दिली. चूक माझी एकट्याची आहे. माझी सही मागे घेतो. मी आता या कामाच्या लायकीचा राहिलो नाही.

त्या माणसाने खोटं लिहिलं होतं, माझ्यासाठी. मी तिथेच बसून ढसाढसा रडले.

वर कंपनीचं उत्तर होतं, चार दिवसांनंतरचं. तुमच्या पत्रानंतर आम्ही गटार उघडून पाहिलं. दोन्ही खोल्यांचं पाणी एकातच जात होतं, आता वेगळं केलं आहे. तुमच्यासारखा माणूस आम्हाला हवा आहे, कृपया परत या.

ते उत्तर उघडलेलंच नव्हतं. बाबांनी लॅपटॉप पत्र पाठवलं त्याच संध्याकाळी नातीला देऊन टाकला होता.